कापोमची तयारी

खायला लाल मुंग्यांची अंडी काढायची तर आपली कातडी घरी खुंटीला अडकवून यावं, असं बुनलाय आजी म्हणायची. लांब बांबूच्या टोकाला टोपली बांधायची, आंब्याच्या शेंड्याला पानं चिकटवून मुंग्यांनी केलेल्या घरट्यात बांबू खुपसायचा आणि गदागदा हलवायचा. अंडी टोपलीत पडतात, शिजल्या भातासारखी पांढरी. मुंग्या मात्र बांबूवरून सरळ माणसाच्या भेटीला येतात. मानेत, काखेत, लुगड्याच्या घडीत, जिथं हात पोचत नाही तिथं आधी.

त्या दिवशी ऊन असं होतं की तळ्याच्या काठची भुई सुकल्या भाकरीसारखी तडकली होती. आजी बांबू हलवत होती आणि तोंडानं मुंग्यांच्या सात पिढ्या उद्धरत होती. झाडाखाली तिची नात कापोम उघड्या बुडानं फतकल मारून बसली होती. कापोम म्हणजे सरडा. पोरीचं देवळातलं नाव चांगलं लांबलचक, फुलांचं होतं; पण चांगल्या नावाच्या लेकरावर भुतांचा डोळा असतो, म्हणून आजीनं तिला सरड्याचं नाव ठेवलं. भूत विचारील, कोण आहे घरात? सरडा आहे म्हणायचं. भूत आल्या वाटेनं परत.

"आजे, दुदू."

"अंगावर मुंग्यांची जत्रा भरलीया, आन् हिला दुदू पायजे! थांब की वाईच."

तेवढ्यात गावातल्या कर्ण्याचा घसा मोकळा झाला. खर्र, खर्र, आणि मग मुखियाचा आवाज.

"हॅलो, हॅलो. बुनलाय आजी जितं आसंल तितनं निघून या. बँकॉकवरनं लेकीचा फोन हाय. वाईच वेळानं परत लावते म्हनली. आन् तेंगमावशीची म्हस माज्या भाजीत शिरलीया. तिनं बी निघून यावं. म्हशीनं न्हवं, मावशीनं."

गावात फोन एकच, मुखियाच्या घरात. आणि कर्ण्याचा माईकही त्याच टेबलावर. मुखिया भला माणूस. पण बटण चालू करायला त्याचा हात जितका पुढं, तितका बंद करायला मागं.

आजी एका हातात पोर आणि दुसऱ्या हातात अंड्यांची बादली घेऊन धावली. फोनवर लेक लामदुअन होती. ती आणि तिचा नवरा बँकॉकला शर्ट शिवण्याच्या कारखान्यात. कापोम तान्ही असताना पोरीला आजीच्या मांडीवर टाकून गेली, ती दोन नववर्षं झाली तरी आली नव्हती. सणात काम केलं की दुप्पट पगार मिळतो, म्हणून सण कारखान्याचाच होत होता.

"आये, कापोमला बालवाडीत घातली का?"

"घातली का म्हंजी? ती काय कोंबडी हाय डालग्यात घालाया?"

"तिसरं सरत आलं तिचं."

"सरू दे की! जीव अजून धड बसला न्हाई तिच्या अंगात. परवा दचकली, तर मनगटाला सूत बांधून जीव परत बोलवावा लागला. असल्या लेकराला तू परक्याच्या हातात देतीस?"

"परक्याच्या कुठं? विलाय बाई गावातल्याच हायत. बालवाडी देवळाच्या आवारात. तू दिवसातनं चारदा जातीस तितं."

"मी देवाला जाते. बालवाडीला न्हाई."

लामदुअन म्हणाली, "सासूबाई म्हणत्यात, पोरीला आमच्याकडं कोराट शहराला पाठवा. तितं दारात गाडी येते, गणवेश हाय, इंग्रजी गाणी शिकवत्यात."

"आन् इंग्रजीत रडाया बी शिकवत आसतील!"

"आये, खरं सांग. अजून अंगावर घेतीस तिला?"

"घेते. मग? दूध कुटं हाय त्यात? कोरडी हिर. लेकरू नुस्ती बादली सोडून बगतंय."

"बस्स झालं," लामदुअन म्हणाली, आणि आवाजात कारखान्याच्या मशीनसारखी घरघर आली. "भातलावणीला मी येनार. तवर कापोम बालवाडीत रुळली असंल तर ऱ्हाईल तुज्याकडं. न्हाई तर मी तिला कोराटला नेऊन ठेवनार. ह्यो माजा शबूद."

फोन तुटला. आजी तुटल्या फोनमध्ये आणखी बराच वेळ बोलली. विहिणीच्या कुळापासून तिच्या कोराटातल्या शेवया विकायच्या गाडीपर्यंत सगळ्याचा समाचार घेतला. मग बाहेर आली. ओट्यावर अर्धं गाव उभं होतं. कुणी पान चावत होतं, कुणी जुळवत होतं, आणि सगळे कसे अगदी लग्नाला आल्यासारखे प्रसन्न.

तेंगमावशी म्हशीचं दावं धरून उभी होती. ती म्हणाली, "काय गं बुनलाय, हिरीला पानी लागलं का?"

आजीनं मुखियाकडं पाहिलं. मुखियानं माईककडं पाहिलं. आणि मग फार सावकाश, अगदी आदरानं, बटण बंद केलं.

संध्याकाळी आजीच्या खांबांवर उभ्या घराखाली, मागाशेजारच्या बांबूच्या बाजल्यावर पंचायत बसली. बोलावली कुणी नव्हती. दुसऱ्याचं लेकरू शाळेला तयार आहे की नाही हा प्रश्न असा आहे, की त्यात निपुत्रिकालाही गती असते.

"भाताचा गोळा वळून, चटनीत बुडवून, न सांडता तोंडात घातला की लेकरू तयार," तेंगमावशी म्हणाली. "माजा नातू दीड वर्साचा आसतानाच वळायचा."

"तुजा नातू तयार झालता, का तुजा पत्त्याचा डाव?" आजी म्हणाली. "ज्या दिशी त्येला बालवाडीत टाकलास, त्याच दिशी दुपारी तू पानं पिसत बसलीस. सगळ्या गावानं बगितलं."

मुखिया खाकरला. "ह्ये बघा आजी. बालवाडीत एक डोकं कमी पडतंय. डोकी भरली न्हाईत, तर तालुका बालवाडी उचलून खोक गावाला नेनार. तवा माज्या हिशेबानं कापोम कालच तयार झालीया."

"म्हंजी गावाची अब्रू माज्या सरडीच्या शेपटीला बांदलीस म्हना."

विलाय बाई मात्र शिकलेल्या. त्यांनी सोबत रंगीत ठोकळे आणले होते. एकावर एक ठोकळे रचता येतात का, एका पायावर उडी मारता येते का, नाव सांगता येतं का, अशा त्यांच्या परीक्षा. कापोमनं ठोकळे रचले नाहीत. एक ठोकळा चाटून पाहिला, बेचव निघाला, म्हणून कोंबडीला मारला. नाव विचारलं तर म्हणाली, "सरडा."

"एका पायावर उभी राहा बघू, बाळ."

"बाई, मला बी उभं ऱ्हाता येत न्हाई एका पायावर," आजी म्हणाली. "मग मी बी अजून तयार न्हाई म्हना."

बाई हसल्या नाहीत. "आजी, ठोकळे, उड्या सगळं मी शिकवते. माझी अडचण दुपारची आहे. जेवणानंतर मुलं झोपतात. तेव्हा ही छाती शोधत रडायला लागली, तर मी तुम्हाला कुठून आणू? एक रडलं की सगळी रडतात. मग शेवटी मी रडते."

तेंगमावशीनं टोमणा काढला. "दर साली देवळात त्या दानी राजपुत्राची कथा होती. त्यो आपली दोन्ही लेकरं भिक्षुकाला देऊन टाकतो, तितं तू धाय मोकलून रडतीस. मागल्या साली तर भर कथेत उठून राजपुत्राला शिव्या घातल्यास. भंत्यांना थांबावं लागलं! आगं, त्यानं लेकरं परक्यामागं धाडली. तुला तळ्याच्या पल्याड बी धाडवंना?"

टोमणा खरा होता, आणि खरा होता म्हणूनच झोंबला. बुनलाय आजीचं कथेवर फार प्रेम. म्हातारे भंते ती गाऊन सांगत. बसके, खोकणारे भंते, एरवी दोन वाक्यं बोलले की दम लागे. पण कथेच्या आसनावर बसले, डोळे मिटले आणि पहिला सूर लावला की तो आवाज तळ्यापलीकडं जायचा, आणि परत येताना ओला होऊन यायचा. आई रानातून फळं घेऊन येते आणि लेकरांना हाका मारते, त्या ठिकाणी ते असा काही आलाप घ्यायचे की पुढच्या रांगेतल्या पुरुषांनाही डोळ्यात काहीतरी गेल्याची आठवण व्हायची. देवाचं देणं एकेकाच्या गळ्यात असतं ते असं. आजी त्या आलापासाठी वर्षभर थांबायची, आणि आला की म्हणायची, "बाप हाय का वैरी ह्यो!"

आता तिलाच लोक राजपुत्राच्या जागी उभं करत होते. आणि वर, दान देत नाही म्हणून नावं ठेवत होते.

पण लेकीनं मधे कोराट आणून ठेवलं होतं. तळ्यापल्याडची बालवाडी म्हणजे दिवसाकाठी परत येणारी पोर. कोराट म्हणजे सणाला भेटणारी पोर. आणि सण कसे कारखान्यात जातात ते तिनं पाहिलं होतं. ज्या पोरीची तयारी नाही म्हणून ती गावाशी भांडली, त्याच पोरीची तयारी करायला दुसऱ्या दिवशी पदर खोचून निघाली.

अंगावरचं तोडायचं तर आमच्याकडं एकच उपाय, कडू गुळवेल. ती ठेचून छातीला लावायची. लेकरू एकदा तोंड लावतं, किंचाळतं आणि पुन्हा त्या वाटेला जात नाही. पिढ्यान्‌पिढ्या लेकरं अशीच तुटली. आजीनं चांगली अंगठ्याएवढी जाड वेल आणली, ठेचली, लावली. जिभेला नुसता हात लावला तर आजीचेच कान सुन्न झाले. मग ती बाजल्यावर आडवी झाली आणि जड मनानं म्हणाली, "ये बाय."

तेंगमावशी हा तमाशा बघायला मुद्दाम येऊन बसली होती.

कापोम आली. तोंड लावलं. थबकली. भुवया वर गेल्या. मग ओठ चाटले आणि म्हणाली, "आजे, आजून."

तेंगमावशी हसता हसता बाजल्यावरून खाली पडली.

यात पोरीचा काय दोष? बुनलाय आजीनं तिला वाढवलंच होतं कडवटावर. आजी भात चावून तिच्या तोंडात भरवायची, तोही कडुनिंबाच्या फुलांसोबत. आजीचं खिम्याचं कालवण म्हणजे त्यात म्हशीचं पित्त, तेही दुसऱ्यांपेक्षा चमचाभर जास्त. कडू खाल्लं की रक्त शुद्ध, असं तिचं शास्त्र. त्या शास्त्रानं नात अशी शुद्ध झाली होती, की आता कोरड्या विहिरीला चव आली म्हणून ती दिवसातून दुप्पट वेळा यायला लागली.

"कारल्याच्या येलाखाली निजवून लेकरू वाढीवलंस," तेंगमावशी डोळे पुसत म्हणाली, "आन् आता कडूची भीती दाखवतीस? गूळ लाव. थुकून टाकंल!"

गूळही लावून झाला. तो तिनं साफ केला. बिब्ब्यासारखा काळा रंग लावला, तर तिनं तो कोंबडीच्या पंखाला पुसला आणि आपलं काम चालू ठेवलं. दिवस चालले होते. बालवाडी उघडायला आली. आजीचं अन्न तुटलं, पोरीचं तुटेना.

आणि मग ज्याला कुणी उपाय म्हणणार नाही असं घडलं. अंड्यांचा हंगाम सरत आला होता. आजी शेवटचं एक घरटं पाडायला चढत्या उन्हात गेली, लक्ष सगळं लामदुअनच्या शब्दाकडं. बांबू तिरका झाला आणि घरटं टोपलीत न पडता तिच्याच गळ्यावर फुटलं. मुंग्या चोळीत शिरल्या. छाती अशी चावून काढली की दुपारपर्यंत लालभडक गाठी उठल्या. ती कण्हत बाजल्यावर पडली.

कापोम नेहमीच्या वेळेला आली. चोळी बाजूला केली. पाहिलं.

बराच वेळ पाहत राहिली. मग वाकून गाठींवर फुंकर घातली. "फू." दुसऱ्या बाजूला जाऊन पुन्हा. "फू. आजीला बाऊ." आणि आपल्या चिमुकल्या हातांनी चोळी ओढून ओढून बंद केली, वर हात ठेवला आणि तशीच आजीच्या दंडावर गाल टेकून झोपून गेली. उठली तेव्हाही मागितलं नाही. दुसऱ्या दिवशी नाही. गाठी बसल्या, तरी नाही. मधूनच चोळीवर फुंकर मात्र घालून जायची.

मग आजी भंत्यांकडं गेली. त्यांच्यापुढं भुईला डोकं टेकून म्हणाली, "भंते, मी तिला कडू दावलं, काळं दावलं, फशिवलं. त्यानं कायबी झालं न्हाई. मला दुकलं म्हनून सोडलं तिनं."

भंत्यांनी पानाची पिचकारी टाकली. मग म्हणाले, "बाईंच्या ठोकळ्यात ह्ये बसत न्हाई बग. पर ज्या लेकराला दुसऱ्याचं दुकलेलं कळलं, त्येला आता कुनाच्या बी घरात ठिवावं. त्ये घर सुदारंल."

"म्हंजी झाली तयार?"

"ती झाली. तू आता रडू नकोस माज्या देवळात. कथेच्या दिशी रड."

पहिल्या दिवशी बालवाडीत अशी रडारड झाली की देवळातली कुत्रीसुद्धा तळ्यापलीकडं निघून गेली. तेंगमावशीचा तो तयार नातू दाराच्या चौकटीला घोरपडीसारखा चिकटला होता. कापोमनं आजीचं बोट सोडलं, आत गेली, रडणाऱ्या एका पोरापुढं उकिडवी बसली आणि त्याच्या गुडघ्यावर फुंकर घातली. मागं वळून पाहिलं नाही.

ज्यासाठी नवस बोलले ते पदरात पडलं. आणि आजीला ते पदरात पेलेना. ती रोज खराटा घेऊन देवळाचं आवार झाडायला लागली. सकाळी पूर्वेकडून, दुपारी पश्चिमेकडून, आणि सगळं झाडणं नेमकं बालवाडीच्या खिडकीखाली. त्या साली आवारात पान पडायची सोय उरली नाही.

"आजी," विलाय बाई एकदा खिडकीतून म्हणाल्या, "माती तरी राहू द्या जागेवर. खड्डा पडलाय."

कापोम मात्र भराभर बदलली. बालवाडीत राजधानीची शुद्ध भाषा शिकवत. आमच्या बोलीत बोललं की बाई प्रेमानं सुधारून द्यायच्या. लावणीच्या सुमाराला पोर घरी आली की दारात उभी राहून हात जोडायची.

"आजी, आपण जेवलात का?"

आजी तोंडाकडं बघत राहायची. "जेवले की माय. आपन कुठल्या कचेरीतनं आलात?"

"भोजनापूर्वी हात धुवावेत, आजी."

"आगं, ह्याच हातानं तुला चावून भरीवलंय!"

"हात धुवावेत," कापोम म्हणायची आणि लोटा पुढं करायची. गाव हसायचं. आजीही हसायची, पण हात धुवायची. सरड्याचं नाव ठेवून भुतांना फसवलं. सरकारला कसं फसवणार?

शेतं पाण्यानं भरली, आणि लामदुअन शब्दाप्रमाणं आली. नवरा सोबत. नव्या कापडाचा वास, पायात पांढरे बूट. बांधावर बूट काढून हातात घ्यावे लागले, तेव्हा तिला आपण कुठं आलोय ते आठवलं. वाटेतच गावानं तिला सगळं सांगितलं. कापोम कशी रडत नाही, कशी गोड बोलते, बाई तिला पुढं बसवतात. मुखियानं तर स्वतः येऊन सांगितलं, कारण बालवाडी वाचली होती आणि ते श्रेय कुठंतरी ठेवायला हवं होतं.

आजी रोपाच्या वाफ्यात होती. कंबरभर चिखलानं माखलेली. लेक बांधावर बसली आणि म्हणाली, "आये, तू जिंकलीस. मला वाटलंच नव्हतं."

"जितलेच की मग. शबूद आठवतोय न्हवं?"

लामदुअननं नवऱ्याकडं पाहिलं. नवऱ्यानं बुटांकडं.

"आये, रागावू नगंस. मी तवा म्हनले ते पोर मठ्ठ ऱ्हाईल ह्या भ्यानं. पर एवढी हुशार निघाली, तर मग देवळाच्या आवारात कशाला कुजवायची? कोराटला न्हाई, आमच्याकडंच नेतो बँकॉकला. तूच म्हनायचीस न्हवं, रोप वेळेवर उपटलं न्हाई तर वाफ्यातच म्हातारं होतं?"

आजीच्या हातात रोपांची पेंडी होती. तिनं ती पायावर आपटून मुळांची माती झाडली, नेहमीपेक्षा जरा जोरात. पोर तयार नव्हती तेव्हा नेणार होते. तयार झाली, म्हणून नेणार. असला बाजार तिनं जन्मात पाहिला नव्हता.

"जा," ती म्हणाली. "सुटायची वेळ झालीया. घेऊन ये जा तुजी लेक."

आणि हात न धुता मागोमाग निघाली.

मुलं आवारात रांगेनं उभी होती. विलाय बाईंनी पाहुणे आलेले पाहिले आणि त्यांची छाती फुगली. लामदुअन पुढं झाली, गुडघ्यावर बसली, दोन्ही हात पसरले.

कापोम रांगेतून बाहेर आली. थेट तिच्यापुढं. पाय जुळवले, हात जोडले, मान वाकवली आणि स्वच्छ, शुद्ध, राजधानीच्या भाषेत म्हणाली,

"नमस्कार, मावशी. आपण कोणाकडे आलात?"

बाई टाळ्या वाजवणार होत्या. हात अर्ध्यात थांबले.

लामदुअनचे हात पसरलेलेच राहिले. कापोमनं पाहुणीला डोळ्यांत पाणी आलेलं पाहिलं, आणि शिकवल्यासारखं पुढचंही म्हणाली, "आपण पाणी घेणार का?"

बुनलाय आजी खिडकीखाली आपण पाडलेल्या खड्ड्यात उभी होती. बोलावं असं फार काही तिच्या ओठांवर होतं. विहिणीला, कारखान्याला, लेकीला, सगळ्यांना एकाच दगडात मारता आलं असतं. तिनं तो दगड गिळला. गुळवेलीपेक्षा कडू होता.

दुसऱ्या दिवशी लेक लावणीला उतरली. पाच बोटांना मशीनची सवय. रोपं वाकडी पडत होती. बराच वेळ दोघी पाठीला पाठ लावून लावत राहिल्या.

"आये, वढून नेऊ का तिला? रडंल दोन दिस, मग रुळंल. बालवाडीत रुळलीच की."

"ने की. तुजं लेकरू," आजी म्हणाली. "पर एक सांग. रोप तयार हाय का, रोप तयार हाय का, समदं गाव इचारतं. ठोकळं घेऊन बाया येत्यात. चिखलाचं कुनी इचारतं का? चिखल केला न्हाई आन् रोप नेऊन ठिवलं, तर कुटं ऱ्हाईल त्ये? तुजी खोली केवढी?"

"दोन चटया बसत्यात."

"सुटतीस कवा?"

"अंधार पडल्यावर," लामदुअन रोपाला म्हणाली.

"आन् ती सुटनार दुपारी. मधी कोन? तुजं दार, का तुज्या दाराची कडी?"

लामदुअननं एक रोप दोनदा लावलं. मग चिखलाच्या हातानंच डोळे पुसले, आणि कपाळापर्यंत माखली. जावई बांधावर बसून पायाला लागलेल्या जळवा काढत होता. तो प्रथमच बोलला. "आई बराबर बोलत्यात," तो म्हणाला, आणि पुन्हा जळवांकडं वळला.

"रजा किती हाय?" आजीनं विचारलं.

"लावनी हुईपातूर."

"मग लावनी हळू करू. मला कंबरच न्हाई ह्या साली."

कंबर होती. पण दुसऱ्या दिवसापासून आजीला ती दुखायला लागली. पोरीला बालवाडीत लामदुअननं सोडायचं, तिनंच आणायचं. न्हाऊ घालायच्या वेळेला आजीला अचानक देवळात जावंसं वाटे. जेवायच्या वेळेला तेंगमावशीकडं मीठ मागायला. झोपवायच्या वेळेला तर तिला मुखियाकडं असं काही काम निघायचं, की मुखियालाही ते काय आहे ते कळायचं नाही. तेंगमावशी म्हणाली, "बुनलाय, मीठ न्हेऊन न्हेऊन खारा मासा हुशील." आजी म्हणाली, "गप. लेकीला वाकडं लावता येतंय, सरळ लावाया वेळ लागंल."

पहिले काही दिवस कापोम पाहुणीला पाणी देत राहिली. मग एकदा पाहुणीनं आमटी खारट केली, तेव्हा तोंड वाकडं करून "याक" म्हणाली. मग एकदा न्हाताना पाहुणीच्या डोळ्यात साबण गेला, तर पोरीनं दोन्ही हातांनी तिचं तोंड धरलं आणि फुंकर घातली. त्या दिवशी लामदुअन न्हाणीतून बाहेर आली ती डोळे लाल करून. साबणाला कुणी दोष दिला नाही.

लावणी कितीही हळू केली तरी शेत संपतंच. शेवटचा वाफा झाला आणि दुसऱ्या दिवशी सकाळी शहराकडं जाणारी गाडी तिठ्यावर आली. गाव निरोपाला जमलं. नाही म्हणायला सगळ्यांना एकच बघायचं होतं. पोर जाते की राहते.

लामदुअननं पिशवी गाडीत टाकली. कापोमपुढं वाकली. "आमी दोगंच चाललो," ती म्हणाली. "कापनीला येते. तवर खोली मोठी बगते. आजीचं ऐक."

कापोमनं हात जोडले. शिकवल्याप्रमाणं मान वाकवली. मुखियाला वाटलं आता भाषण होणार. गाडीनं घरघर सुरू केली, लामदुअन पायरी चढली.

आणि पोरीचं सगळं शिक्षण एका दमात गळून पडलं. ती धावली, आईच्या लुगड्याला लोंबकळली आणि अशी किंचाळली की चालकानं इंजिन बंद केलं. "न्हाय! न्हाय जायाचं! तू न्हाय जायाचं!" लाथा झाडल्या, चिखलात लोळली, सोडवायला आलेल्या बापाच्या हाताला चावली. नाक वाहत होतं, तोंडात माती गेली होती. बालवाडीच्या दारात डोळ्यात टिपूस न आणलेली ही पोर, आणि आता तिचा आवाज तळ्यापल्याड देवळात ऐकू जात होता.

विलाय बाई कासावीस झाल्या. "अगंबाई! एवढं चांगलं वळण लावलं होतं हिला."

तेंगमावशी म्हणाली, "आगं बुनलाय, बगतीस काय? धर की तिला! काळीज फाटंल लेकराचं."

बुनलाय आजी रस्त्याच्या कडेला उभी होती. हात पाठीमागं एकात एक घट्ट अडकवलेले. कापणी झाली की ही गाडी पोरीलाही घेऊन जाईल, हे तिला आता साफ दिसत होतं. आणि ते आपणच मीठ मागत मागत घडवून आणलं, हेही.

"रडू दे," ती म्हणाली. "पाव्हण्यासाटी कोन रडतं व्हय?"